मित्राचा शोक आणि मुलांचे वाचन

शाळेच्या ग्रंथालयातून मुलाने कोणते पुस्तक घरी न्यावे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. मुलाच्या हाती साहसाची, विनोदाची किंवा शास्त्रीय माहितीची पुस्तके दिसली म्हणजे पालकांस समाधान वाटते. परंतु ज्या पुस्तकात कोणाचा तरी खून होतो, एखादा तरुण अकाली मरतो आणि त्याचा मित्र मागे शोक करीत राहतो, असे पुस्तक दिसताच त्यांच्या कपाळावर आठी उमटते. "जगात दुःख काय थोडे आहे, म्हणून ते पुस्तकांतूनही मुलांच्या गळ्यात बांधावे?" असे ते विचारतात. हा प्रश्न मायेपोटी निघालेला असल्यामुळे त्याचे उत्तरही आदरानेच दिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, वयात येणाऱ्या मुलामुलींनी अशी पुस्तके अवश्य वाचावी. आणि आपल्या डहाणू-तलासरीकडील मुलांनी तर ती विशेषेकरून वाचावी. ह्या मताची कारणे येथे मांडतो.

आपला समाज मुलांपासून शोक सर्वस्वी लपवितो, असे मुळीच नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस आई जाते, हे ठाऊक असूनही पिढ्यान् पिढ्या आईबापांनी ते आपण होऊन मुलांच्या हाती दिले आहे, आणि मूल वाचता वाचता रडू लागले तर ते पुस्तक हिसकावून घेतलेले नाही. ते रडणे मुलाच्या हिताचे आहे, हे आपण मनोमन जाणतो. म्हणजे आपली हरकत शोकाला नाही. आजाराने वा दैवगतीने आलेले मरण आपण मुलांस सांगतो. माणसाच्या हातून माणसाला आलेले मरण मात्र सांगत नाही. त्यातूनही मरणारा मुलाच्याच वयाचा असला, त्याच्या बाकावर बसणारा सोबती शोभेल असा असला, तर आपण विषयच बदलतो.

परंतु विचार केला असता असे दिसेल की, मुलाला आधाराची खरी निकड नेमकी ह्याच ठिकाणी असते. आई आजाराने गेली तर मूल रडते, आणि घरदार त्याच्यासह रडते. मित्र कोणाच्या हातून मारला गेला तर मुलाच्या मनात शोकाबरोबर संतापही येतो. रडावे की सूड घ्यावा, हे त्याला कळेनासे होते. बापाचा वा भावाचा शोक जग ओळखते, त्यासाठी सुतक आहे, दिवस आहेत, भेटीस येणारे नातलग आहेत. मित्राच्या शोकाला असे काहीच नाही. "तुझा कोण लागत होता तो?" एवढ्या एका प्रश्नाने लोक त्याचे तोंड बंद करतात. हा मुका शोक ज्या पुस्तकात बोलका झालेला असतो, ते पुस्तक मुलाला एक मोठी गोष्ट शिकविते: जे तुला वाटते ते दुसऱ्यालाही वाटले आहे, आणि त्यातून माणूस बाहेर येऊ शकतो.

ह्या प्रकारच्या पुस्तकाचे एक उत्तम उदाहरण म्हणून 'दि आउटसायडर्स' ह्या इंग्रजी कादंबरीचा उल्लेख करावासा वाटतो. आपण मराठीत त्या नावाचा अर्थ 'गावकुसाबाहेरचे' असा केला तरी चालेल. एस. ई. हिंटन ही लेखिका अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा ह्या शहरी राहणारी. शाळेत शिकत असतानाच, पंधरा-सोळाव्या वर्षी, तिने हे लिखाण केले आणि १९६७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. शाळेतून घरी चाललेल्या तिच्या एका मित्राला श्रीमंत घरच्या पोरांनी विनाकारण मारहाण केली, हे ह्या लिखाणाचे निमित्त. विद्यार्थिमित्रहो, तुमच्याच वयाच्या एका मुलीने संतापाच्या भरात दगड न उचलता लेखणी उचलली, एवढी एकच गोष्ट तुम्ही ध्यानी धरली तरी पुष्कळ झाले.

कथानक थोडक्यात असे आहे. गावात गरिबांच्या मुलांची एक टोळी आणि धनिकांच्या मुलांची दुसरी. पोनीबॉय नावाचा चौदा वर्षांचा पोरका मुलगा ही गोष्ट सांगतो. एका रात्री धनिकांची मुले त्याला गाठून कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागतात. त्याचा मित्र जॉनी, जो स्वभावाने भित्रा व घरच्या छळाने गांजलेला आहे, तो घाबरून चाकू चालवितो आणि बॉब नावाचा मुलगा मरतो. दोघे मित्र पळतात व एका ओसाड देवळात लपतात. पुढे त्या देवळाला आग लागते तेव्हा आत अडकलेल्या लहान मुलांना हेच दोघे बाहेर काढतात. त्यात जॉनी जबर जखमी होऊन रुग्णालयात मरतो. त्याचे मरण सहन न होऊन त्यांचा तिसरा सोबती डॅली वेडापिसा होतो, रिकामे पिस्तूल रोखून पोलिसांसमोर उभा राहतो आणि गोळ्यांना बळी पडतो. थोड्याच दिवसांत पोनीबॉयचे दोन मित्र गेले. तो आजारी पडतो, अभ्यासातून उठतो, आणि जॉनी मेलाच नाही असे स्वतःला बजावीत राहतो. शेवटी त्याचे इंग्रजीचे शिक्षक त्याला सांगतात की, एक चांगला निबंध लिहून आणलास तर तू उत्तीर्ण होशील. तो लिहावयास बसतो. आणि आपण वाचीत होतो ती सबंध कादंबरी म्हणजे तोच निबंध होय, हे आपणांस अखेरीस कळते.

ह्या पुस्तकावर त्या देशातही आक्षेप घेण्यात आले. त्यात मारामारी आहे, मुले विड्या ओढतात, घरे मोडलेली आहेत, ह्या कारणांनी काही शाळांतून व ग्रंथालयांतून ते काढून टाकण्याची मागणी झाली. असे असूनही तेथील अनेक शाळांत आज ते वर्गात शिकविले जाते. ह्याचे कारण उघड आहे. त्यात चाकूचे वर्णन थोडे आणि चाकूनंतरच्या दिवसांचे वर्णन फार आहे. हिंसेचा क्षण एका पानात संपतो, परंतु त्याचे ओझे मागे उरलेल्यांना शेकडो पानांतून वाहावे लागते. हे ओझे ज्याने एकदा वाचनातून अनुभविले, त्याला मारामारीचे कौतुक वाटेनासे होते.

परंतु ह्या कादंबरीतील सर्वांत मोलाची जागा निराळीच आहे. मेलेला बॉब हा कथा सांगणाऱ्याचा शत्रू होता. त्याच्या मरणाने वाचकाला वाईट वाटण्याचे कारण नाही, असे प्रारंभी वाटते. पुढे बॉबचा मित्र रँडी पोनीबॉयला भेटतो आणि बॉब कसा होता, त्याच्या घरी कोणते दुःख होते, हे सांगू लागतो. त्याला आता लढाई नको आहे. त्या क्षणी वाचकास उमजते की, शत्रूलाही मित्र होता, आणि तो मित्रही रात्री जागाच आहे. मारला गेलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी मित्र असतो, हे सत्य उपदेशाने पटत नाही, गोष्टीने पटते. माझ्या मते अशा पुस्तकांचे सारे समर्थन ह्या एका वाक्यात आहे.

ही गोष्ट नवी आहे असेही नव्हे. बायबलातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, गिलबोवा डोंगरावरील लढाईत पडलेल्यांसाठी दाविदाने केलेला विलाप आहे. योनाथान हा त्याचा जिवलग मित्र; परंतु त्याच विलापात तो शौलासाठीही रडतो, ज्या शौलाने त्याला ठार मारण्याकरिता रानोमाळ त्याचा पाठलाग केला होता. आणि हे शोकगीत यहूदाच्या लोकांस शिकवावे, अशी आज्ञाही तेथे नमूद आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर आपल्या शंभर पुत्रांसाठी विलाप करते, आणि अभिमन्यूच्या शवापाशी बसलेल्या उत्तरेला पाहून तिच्यासाठीही शोक करते. वास्तविक अभिमन्यू हा शत्रुपक्षाचा. मुलांच्या हाती असले वाङ्मय देऊ नये असे आपले पूर्वज मानीत असते, तर हे दोन्ही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेच नसते.

आता आपल्या भूमीकडे वळू. अचानक आलेली हिंसा आणि मागे उरलेला शोक ही अमेरिकेची किंवा पुराणांची मिरास नाही. तलासरी त्या काळी उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९४५ साली ह्या मुलखातील वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराच्या घरी राबत. त्यांस 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी ह्या दोन्ही प्रथा मोडण्याचा निर्धार झाला. पावसाळा सरल्यावर गवतकापणी आली, तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला. ह्याच सुमारास, गोदावरी परुळेकर सभेसाठी येणार असून त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी वार्ता पाड्यापाड्यांतून फिरली, असे त्या चळवळीच्या इतिहासात सांगितले आहे. लोक तलासरीजवळ तलवाडा येथे जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चौघे प्राणास मुकले. दरवर्षी १० ऑक्टोबरला ह्या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते.

गोदावरीबाईंनी ह्या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या प्रदेशातील प्रत्येक सुशिक्षित घरात हे पुस्तक असावे. तथापि ते चळवळ उभी करणाऱ्या प्रौढ कार्यकर्तीने लिहिलेले आहे, आणि त्याचे काम एका समाजाचे जागे होणे सांगण्याचे आहे. त्या रात्री ज्याचा सवंगडी परत आला नाही, अशा बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या मनात काय झाले, हे सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे. ज्याच्याबरोबर गुरे राखली, नदीवर मासे धरले, तारप्याच्या नाचात ज्याचा हात धरला, तो पडला. मग दुसऱ्या दिवशी गवताच्या माळावर विळा उचलताना ह्या पोराला काय वाटले असेल? हुतात्मा म्हणून आपण हार घालतो ते योग्यच आहे. परंतु ते हुतात्मे होण्यापूर्वी कोणाचे तरी मित्र होते, ही गोष्ट हारांखाली झाकली जाता कामा नये.

दुसरी घटना अलीकडची आहे, आणि तिच्याविषयी बोलणे अधिक अवघड आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशा तिघांना ठार मारले. आपल्या गुरूच्या अंत्यविधीसाठी ते मुंबईहून सुरतेकडे निघाले होते. त्या दिवसांत चोर व मुले पळविणारे हिंडत आहेत, अशा अफवा मोबाइलवरील निरोपांतून आणि तोंडोतोंडी पसरल्या होत्या. न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम आहे, तो आपण करू नये. पुढे ह्या घटनेवरून देशभर जे वादविवाद झाले, त्यांतही येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते एवढ्याकडेच की, स्वतः शोकात असलेली, कोणाला तरी अखेरचा निरोप देण्यास निघालेली माणसे त्या रात्री जमावास माणसे म्हणून दिसली नाहीत. अफवेने सांगितले तेच दिसले.

ह्या दोन घटना सारख्या आहेत, असे माझे म्हणणे नाही. एकीत मेलेले आपले होते. दुसरीत मेलेले परके होते आणि जमाव आपल्याच तालुक्यातला होता. पण दोन्ही ठिकाणी अफवा आहे, जमाव आहे, रात्र आहे आणि मागे उरलेली माणसे आहेत. जेठ्या गांगडांसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच्या डोळ्यांत त्या तीन प्रवाशांसाठीही पाणी आले पाहिजे. जो केवळ आपल्यासाठीच रडतो, त्याचे रडणे उद्या सूडाला जन्म देईल. जो दोघांसाठी रडू शकतो, तो उद्या जमावात सापडला तरी क्षणभर थांबेल आणि शेजाऱ्याचा हात धरील. आपली मुले ह्या दुसऱ्या प्रकारची व्हावीत, ही पालकांचीही इच्छा आहेच.

"एखाद्या कादंबरीने अफवा थांबते काय?" असे कोणी विचारील. एका कादंबरीने थांबत नाही, हे खरे. पण अफवेची रीत लक्षात घ्या. अफवा माणसाचा चेहरा पुसते आणि त्या जागी 'चोर', 'दंगेखोर', 'परका' असा एक शब्द ठेवते. शोकाची खरी कादंबरी ह्याच्या नेमके उलट करते. ती शब्द पुसून चेहरा परत आणते. ज्या मुलाला बारा-पंधरा अशा पुस्तकांतून चेहरे पाहण्याची सवय लागली, त्याच्या हाती मोबाइलवरचा निरोप आला तर तो पुढे धाडण्यापूर्वी निदान एवढे विचारील की, हा माणूस कोणाचा कोण आहे? इतकीशी सवयही थोडी नव्हे.

पालकांची काळजी मात्र मी झिडकारीत नाही. सर्वच पुस्तके सर्व वयांस योग्य नसतात. माझ्या मते अशा कादंबऱ्या आठव्या इयत्तेच्या अलीकडे देऊ नयेत. देण्यापूर्वी त्या शिक्षकाने वा पालकाने स्वतः वाचाव्या. ज्या मुलाच्या घरी नुकतेच असे काही घडले आहे, त्याच्या पुढ्यात पुस्तक टाकून निघून जाणे हे क्रौर्य होईल. त्याच्याबरोबर बसून, त्याने हवे तेथे थांबून, ते वाचावे, किंवा तो स्वतः मागेपर्यंत देऊच नये. पुस्तक चांगले की वाईट हे ओळखण्याची एक सोपी कसोटीही सांगतो. लेखक जखमेपाशी रेंगाळतो, की जखमेनंतर जिवंत राहिलेल्याच्या मनापाशी? पहिल्या प्रकारचे पुस्तक खुशाल परत करावे. दुसऱ्या प्रकारचे पुस्तक मुलाने वाचले आणि तो दोन दिवस गप्प राहिला, तर आपण भिऊ नये. तिसऱ्या दिवशी तो काही विचारील; त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून त्याला उत्तर द्यावे.

विद्यार्थिमित्रहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. १९४५ साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत, आणि त्यांची संख्या दर पावसाळ्यागणिक कमी होत आहे. तुमच्या पाड्यावर असा कोणी आजा, अशी कोणी आजी असेल, तर ह्या सुटीत त्यांच्यापाशी बसा. गोळीबार कसा झाला, हे विचारण्याची घाई करू नका. आधी विचारा, "आजा, तुमचे लहानपणीचे सोबती कोण होते? त्यांचे पुढे काय झाले?" जे सांगतील ते वारली बोलीत सांगितले तर त्याच बोलीत लिहून ठेवा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. पोनीबॉयचे पुस्तक एका शिक्षकाने मागितलेल्या निबंधातून जन्मले. दरवर्षी आमच्या प्रश्नपत्रिकेत 'माझा आवडता मित्र' हा विषय असतो, आणि दरवर्षी पाठ केलेली तीच वाक्ये आमच्यापुढे येतात. त्याऐवजी ज्याच्या जाण्याने कोणी एक माणूस अजून हळहळतो, अशा एखाद्या मित्राविषयी खरे तेवढेच लिहून आणा. असा निबंध तपासताना शिक्षकाची तांबडी शाई आपोआप सौम्य होईल.

ह्या मुलखाची कादंबरी बाहेरून कोणी येऊन लिहील, याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ती लिहिणारा मुलगा किंवा मुलगी कदाचित आजच आपल्या कोणत्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली असेल. तिने पुष्कळ वाचावे, म्हाताऱ्यांचे पुष्कळ ऐकावे, आणि घरच्यांनी तिला वाचू द्यावे. एवढे झाले तर बाकीचे ती करील, असा मला भरवसा आहे.